समुपदेशनातला उपदेश

मानसोपचारात काय बदलायचे, त्यासाठी कोणती वाट धरायची आणि ती लागू पडते आहे की नाही हे कसे ओळखायचे, या तिन्ही गोष्टी मानसशास्त्रज्ञ आणि समोरची व्यक्ती यांनी मिळून ठरवायच्या, अशी कामाची रीत म्हणजे सहयोगी, व्यक्तिकेंद्री मानसोपचार. ही वेगळी थेरपी नव्हे. निरनिराळ्या पंथांचे उपचारक ती आपापल्या परीने पाळतात. तिच्या मुळाशी ज्ञानाची एक साधी वाटणी आहे. घाबरण्याचा झटका शरीरात कसा चढतो, किती वेळाने आपोआप ओसरतो आणि त्याच्यापासून पळ काढला की तो का बळावतो, हे मानसशास्त्रज्ञाला ठाऊक असते. कामोठ्याहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या माणसाला वेगळेच काही ठाऊक असते. मानसरोवर स्टेशनात लोकल पकडताना त्याला काही होत नाही; वाशी सोडून गाडी खाडीपुलावर आली की छातीत धडधड सुरू होते, मानखुर्द आले की ती बसते, आणि संध्याकाळी परतताना तोच पूल कधी मागे पडला ते कळतही नाही. यातले पहिले पुस्तकात सापडते, दुसरे सापडत नाही. उपचाराला दोन्ही लागते.

मराठीत या रीतीची पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. ‘समुपदेशन’ या रुळलेल्या शब्दात उपदेश ठाण मांडून बसला आहे, आणि लोक शब्द खरा मानून येतात. मुलाला घेऊन आलेले वडील खुर्चीत टेकता टेकता म्हणतात, “मॅडम, याला जरा समजावा.” नवरा म्हणतो, “हिला दोन शब्द सांगा, तुमचं ऐकेल.” ज्याच्यासाठी हे चालले आहे तोही बहुधा तेच मागतो: “तुम्हीच सांगा, मी काय करू?” अशा वेळी “तुम्हाला काय वाटतं?” असा उलट प्रश्न आला, तर तो अनेकांना आदराचा वाटत नाही. यांना येत नसावे, किंवा फी घेऊन आपल्यालाच कामाला लावतात, असा संशय येतो. समोर बसलेल्या माणसाला काय म्हणायचे हाही प्रश्न आहेच. ‘पेशंट’ म्हटले की तो आजारी ठरतो, ‘अशील’ वकिलाकडे असतो, ‘ग्राहक’ दुकानात. बोलताना बहुतेक जण ‘क्लायंट’वर भागवतात. ठाण्या-पुण्याच्या स्वमदत गटांमध्ये मात्र दीर्घ मानसिक आजाराला तोंड देणाऱ्यासाठी ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी ‘शुभंकर’ हे शब्द रुजले आहेत. हे शब्द कानाला थोडे गोड लागतात खरे, पण ‘वेडा’ आणि ‘वेड्याचे घरचे’ यांच्या जागी ते आले आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचे मोल कळते.

‘क्लायंट’ हा शब्द मानसोपचारात रुजवला तो मुख्यतः कार्ल रॉजर्स (1902–1987) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. 1942 मध्ये आलेल्या त्याच्या समुपदेशनावरील पुस्तकात एका संपूर्ण उपचाराचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला शब्दशः वृत्तान्त होता. उपचारक बंद दाराआड नेमके काय बोलतो हे प्रथमच सर्वांना वाचता आले, आणि ही उघड्यावर मांडण्याची सवय रॉजर्सच्या मतांइतकीच मोलाची ठरली. 1951 च्या पुस्तकाच्या नावातच ‘क्लायंट-सेंटर्ड’ हा शब्द आला. 1957 च्या निबंधात त्याने ठाम विधान केले: उपचारक आतबाहेर एक असेल, समोरच्याचा अटी न घालता स्वीकार करील, त्याच्या जगात शिरून ते समजून घेईल आणि हे त्या व्यक्तीपर्यंत पोहोचेल, तर बदलासाठी आणखी कशाची गरज नाही.

या ‘आणखी कशाची गरज नाही’वर पुढे बराच वाद झाला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने 1959 मध्ये उत्तर दिले की रॉजर्सच्या अटी चांगल्या आहेत, पण त्या अनिवार्यही नाहीत आणि पुरेशाही नाहीत. 1955 पासून एलिस जी पद्धत घडवत होता तिच्यात उपचारक समोरच्याच्या अविवेकी समजुतींशी सरळ वाद घालतो. 1965 च्या एका प्रसिद्ध शैक्षणिक चित्रपटात एकच स्त्री रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस या तिघांशी पाळीपाळीने बोलते. रॉजर्सचे थांबणे आणि एलिसचा सपाटा यांतला फरक तिथे डोळ्यांनी दिसतो. आरन बेकने या दोन टोकांमधली वाट काढली. विचार चुकीचा आहे असे उपचारकाने सांगायचे नाही. तो खरा की खोटा हे दोघांनी मिळून पुराव्याने तपासायचे. “मी फोन केला तर ताई चिडेल” हे विधान झाले. ते तपासायचे तर फोन करून पाहायचा, आणि काय होईल याचा अंदाज आधी कागदावर लिहून ठेवायचा.

1979 मध्ये एडवर्ड बॉर्डिनने या सगळ्याला एक चौकट दिली. उपचार कोणत्याही पंथाचा असो, त्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात, असे त्याने मांडले: उद्दिष्टाबद्दल एकमत, त्यासाठी करायच्या कामाबद्दल एकमत आणि दोघांमधला विश्वास. या जुळणीला मराठीत ‘उपचारयुती’ म्हणता येईल. 2018 मध्ये फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवरील 295 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा युती आणि उपचाराचे फळ यांच्यातला सहसंबंध सुमारे 0.28 निघाला. आकडा लहान दिसतो, आणि लहान आहेही. आजाराची तीव्रता, घरची स्थिती, नोकरी, नशीब यांचा वाटा उरतोच. पण मानसोपचारात इतक्या वेळा तपासून टिकलेल्या गोष्टी फार नाहीत. बॉर्डिनच्या मांडणीचा एक फायदा मराठी वाचकाला चटकन पटावा: सल्ला द्यायचा की नाही, हा वाद तिच्यात गौण ठरतो. दोघांनी ठरवलेल्या कामाचा भाग म्हणून सल्ला आला तर तो सहयोगच. एकाने दुसऱ्यावर लादलेले मौन मात्र सहयोग नव्हे.

महाराष्ट्रातला अनुभव सल्ल्याला जागा देणाऱ्या या बाजूने झुकतो. इथे रॉजर्सचे नाव अभ्यासक्रमात आले, पण लोकांपर्यंत पोहोचला तो एलिस. त्याचे बरेचसे श्रेय कि. मो. फडके यांना जाते. एलिसशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. त्या पद्धतीला मराठीत ‘विवेकनिष्ठ’ हे नाव मिळाले, आणि लेख, पुस्तके, व्याख्याने व प्रशिक्षण यांतून ती रुजली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने हाच विचार शाळा, कार्यशाळा आणि स्वमदत गट यांच्यात नेला. ही पद्धत समजावून सांगणारी आहे, म्हणजे वरवर पाहता सहयोगाच्या उलट. पण तिचा बारकावा असा की उपचारकाकडे काही गुपित राहत नाही. घटना, तिच्याविषयीची समजूत आणि त्यातून उठणारी भावना ही तीन घरांची मांडणी पहिल्या-दुसऱ्या भेटीतच समोरच्याच्या हाती दिली जाते, आणि पुढे तो ती स्वतःच चालवतो. मनाशी सरळ बोलून त्याला वळण लावायची रीत मराठी घरांना नवी नाही. ‘मनाचे श्लोक’ संध्याकाळी म्हणून घेणाऱ्या घरातल्या माणसाला मनाशी वाद घालणे परके वाटत नाही. म्हणूनच कदाचित एलिस इथे रॉजर्सपेक्षा लवकर घरचा झाला.

दुसरा धागा पुण्यातला. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीमागे पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचे पाठबळ होते. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच तिथे समुपदेशक म्हणून उभे केले गेले. यात सहयोगाचा अर्थ आणखी पुढे जातो, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना त्याच वाटेने गेलेली माणसे बसतात. “मला समजतं” असे पदवीधर म्हणतो तेव्हा दारूड्या हसतो. तेच जुना दारूड्या म्हणतो तेव्हा तो थांबून ऐकतो. घरच्यांच्या बाजूने असेच काम कॅल्गरीत स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी केले. त्यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (2004) या चित्रपटामागेही वाणींचीच प्रेरणा होती. एका भावाचा आजार बहिणीच्या संसारात कसा येऊन राहतो, हे त्यातून पुष्कळ घरांनी पहिल्यांदा पाहिले.

उपचारकाने मार्गदर्शक व्हायचे की भागीदार, या प्रश्नावर भारतीय मानसोपचारात तात्त्विक वादही झाला आहे. जसवंत सिंग नेकी यांनी 1973 मध्ये गुरू-शिष्य नात्याचा नमुना पुढे ठेवला. भारतीय माणूस उपचारकाकडे समान भागीदार म्हणून येत नाही, तो आधार शोधत येतो. तेव्हा अवलंबून राहण्याला दोष न मानता त्याचाच उपयोग करावा, असा त्यांचा रोख होता. त्या निरीक्षणात तथ्य होते. पण त्यातून काढलेला निष्कर्ष आज तसाच घेता येत नाही. कामोठ्यात समोर बसणारी तिशीची बाई बँकेत कर्जाची फाइल स्वतः हाताळते, सोसायटीच्या सभेत बिल्डरशी भांडते, आणि तरीही उपचारकाला “तुम्ही म्हणाल तसं” म्हणते. हे तिचे स्वभावलक्षण नाही. त्या खोलीत कसे वागायचे याविषयीचा तो अंदाज आहे, आणि अंदाज बदलता येतो.

कामोठे हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातले गाव. जुन्या आगरी गावठाणाभोवती सिडकोने वसाहत आखली, आणि 2016 पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहे. मुंबईत जागा परवडेनाशी झालेली, कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे इथे वन आरके, वन बीएचकेमध्ये राहतात. एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय इथेच असल्याने मानसोपचार विभागाची ओपीडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खासगी मानसशास्त्रज्ञाकडे मात्र लोक शक्यतो शेजारच्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोच्या दुसऱ्या वसाहतीत जातात. आपल्या सेक्टरमधल्या दवाखान्याच्या जिन्यावर ओळखीचे कोणी भेटले तर काय सांगायचे, हा प्रश्न साधा नसतो.

प्रत्यक्ष भेटीत ही रीत कशी चालते ते एका नेहमीच्या तक्रारीवरून पाहता येईल. बेलापूरला नोकरी करणारी, चौतिशीतली एक विवाहिता झोप लागत नाही म्हणून येते. उदाहरण नमुन्याचे आहे, पण त्यातला तपशील रोजचा आहे. ती म्हणते, “झोपेचं काहीतरी करा.” मानसशास्त्रज्ञाने आधी सांगायचे ते असे: मी गोळी देत नाही, ते काम मानसोपचार डॉक्टरांचे, आणि गरज वाटली तर तिकडेही जाऊ, इथे बोललेले बाहेर जात नाही, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद, एक भेट पाऊण ते एक तासाची, आणि तीन-चार भेटींनंतर उपयोग होतो आहे का ते दोघांनी बसून पाहायचे. मग त्रासाला नाव द्यायचे, तिच्या शब्दांत. ‘चिंता’ हा शब्द तिला लागू वाटत नाही. “डोक्यात गिरणी चालू राहते,” ती म्हणते. पुढे सगळ्या भेटींत तिच्या त्रासाचे नाव ‘गिरणी’च राहते, कारण कुठे दळण पडले, कधी पट्टा सुटला, हे तिला त्या शब्दात सांगता येते.

मग उद्दिष्ट. “टेन्शन नको” हे उद्दिष्ट होत नाही; टेन्शन नसलेला माणूस कोणी पाहिलेला नाही. खोदून विचारल्यावर ती म्हणते, अकराला पडले की बाराच्या आत झोप लागावी, आठवड्यातून चार रात्री तरी. एवढे मोजता येते. निद्रानाशावरचा एक चांगला तपासलेला उपाय असा आहे की अंथरुणात तळमळत पडून राहायचे नाही. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचे आणि डोळे जड झाले की परत यायचे. अंथरूण आणि जागरण यांची मनात बसलेली गाठ त्याने सुटते. उपाय समजावून झाल्यावर ती मान हलवते. पुस्तकी समुपदेशन इथे संपले असते. पण “हे घरी जमेल का, कुठे अडेल?” असे विचारल्यावर कळते की दुसरी खोलीच नाही. हॉलमध्ये सासू-सासरे झोपतात, आणि रात्री दिवा लागला तर सासरे उठून विचारतात, “काय झालं?” पाच-सात मिनिटांच्या बोलण्यातून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एक स्टूल ठरते, दिवा न लावता, फ्रिजच्या आवाजात बसायचे असे ठरते, आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवायचे की डॉक्टरांनी सांगितले आहे. तो शेवटचा तपशील तिने सुचवला. ‘मला हवे आहे’ यापेक्षा ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ हे त्या घरात चालते, हे तिला ठाऊक. मानसशास्त्रज्ञाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. शुद्धतावाद्याला यात अधिकाराच्या नावाखाली लपणे दिसेल. पण घरात आपली जागा आपल्या हिशेबाने, आपल्या वेगाने मोकळी करून घेण्याची मुभा हाही व्यक्तिकेंद्री कामाचा भाग आहे.

दुसऱ्या भेटीत परीक्षा असते. “केलंत का?” असे विचारले तर उत्तर “हो” येते, कारण सरांना-मॅडमना नाही म्हणायचे नसते. “कुठे अडलं?” असे विचारले तर अडलेले बाहेर येते. प्रश्नातल्या या छोट्या फरकावर मराठी उपचारकक्षात पुष्कळ काही अवलंबून असते. युतीला तडा जातो तेव्हा पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातला क्लायंट तक्रार करतो. इथला गप्प होतो. मराठीत त्याला चांगला शब्द आहे, रुसवा. रुसलेला माणूस येणे बंद करतो आणि फोनवर गावाला जावे लागल्याचे सांगतो. म्हणून भेटीच्या शेवटी दोन मिनिटे राखून “आज माझं काही खटकलं का?” असे विचारायचे, आणि पहिल्या दोन-तीनदा येणाऱ्या “नाही हो, छान वाटलं” यावर समाधान मानायचे नाही. मायकेल लॅम्बर्ट यांच्यासारख्या संशोधकांनी दर भेटीला छोटी प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत रूढ केली, तीही यासाठीच. जे तोंडाने बोलवत नाही ते कधी कधी टिक करून सांगता येते.

घरचे ही इथली सगळ्यात गुंतागुंतीची बाजू. पाश्चात्त्य मांडणीत क्लायंट म्हणजे एक व्यक्ती. इथे फी एक जण भरतो, वेळ दुसरा घेतो, आणि समोर तिसराच बसतो. मुलाच्या भेटीनंतर संध्याकाळी आईचा फोन येतो: “काय म्हणाला तो?” तिचे विचारणे चुकीचे म्हणता येत नाही, उत्तर देणे मात्र चुकीचे ठरते. यावर एकच उपाय चालतो: पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या देखत ठरवून टाकायचे की काय घरी सांगितले जाईल, काय नाही, आणि सांगायचे असेल ते मुलाच्या समोर सांगितले जाईल. घरच्यांना बाहेर ठेवणे मात्र बहुधा अंगाशी येते. मानसोपचारतज्ज्ञ विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहायला बोलावले. भारतात कुटुंबाला उपचारात घेण्याची सुरुवात म्हणून ते आजही सांगितले जाते. शुभंकरांचे गट त्याच वाटेवरचे. ऑनलाइन भेटींनी एक नवी अडचण आणली आहे. दोन खोल्यांत पाच माणसे असतील तर मोकळेपणाने बोलायचे कुठे? कोणी गच्चीवर जाते, कोणी पार्किंगमधल्या गाडीत बसते. सुरुवातीला “आत्ता बोलता येईल का?” असे विचारून, कोणी आले तर वापरायचा एखादा ठरलेला शब्द ठेवण्याची पद्धत यातूनच आली.

तज्ज्ञांची संख्या कमी असलेल्या देशात हे सारे थोड्यांपुरतेच राहणार, असा आक्षेप घेतला जातो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के आढळले. ते सर्वेक्षण 12 राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे आकडा उचलताना लक्षात ठेवलेले बरे. आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर शेजारच्या गोव्यातून आले. 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून तयार केले. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य सेवेत याची चाचणी घेतली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तो दिसला नाही. 2017 च्या चाचणीत नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा छोटा उपचार होता: दिवसात काय करायचे ते माणसाने स्वतः निवडायचे, छोट्या पायऱ्या पाडायच्या, आणि मनःस्थितीशी त्याचा संबंध पाहायचा. समुपदेशक एकमेकांच्या ध्वनिमुद्रित भेटी ऐकून गुण देत आणि चुका दाखवत. ऐंशी वर्षांपूर्वी रॉजर्सने ध्वनिमुद्रण उघड्यावर मांडले होते. गोव्यात ते हत्यार ज्यांच्याकडे मानसोपचाराची पदवी नाही त्यांच्या हाती आले. महाराष्ट्रात आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ नावाने गावातल्याच स्वयंसेवकांचे असे जाळे विणले.

सहयोगाची मर्यादा कुठे येते? सर्वांत कसोटीचे क्षेत्र घरगुती हिंसाचाराचे. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून दोघांचे सारखे ऐकून घेणे हा इथे सहयोग होत नाही. मारणाऱ्याच्या देखत मार खाणारी खरे बोलू शकत नाही. ‘समुपदेशन’ म्हणजे समझोता करून तिला परत नांदायला पाठवणे, हा अर्थ अनेक ठिकाणी रूढ होता आणि पुरता गेलेला नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्रात उभे राहिलेले काम लक्षणीय आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी 2000 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढले. या दृष्टीने काम करणारी समुपदेशक तटस्थ नसते: मार खाणे तुमची चूक नाही, असे ती स्पष्ट म्हणते. घर सोडायचे की नाही हा निर्णय मात्र बाईचाच राहतो. परत जायचे असेल तर कागदपत्रे कुठे ठेवायची, शेजारी कोणाला सांगून ठेवायचे, पुढच्या वेळी कोणत्या खोलीत अडकायचे नाही, याची आखणी तिच्यासोबत केली जाते. मूल्यांबाबत ठाम आणि निर्णयाबाबत हात आखडता, हे मिश्रण रॉजर्सच्या पुस्तकात सापडणार नाही.

दुसरी मर्यादा तीव्र आजाराची. रॉजर्सने स्वतः 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसोबत आपली पद्धत तपासली, आणि निकाल निराशाजनक आला. भास होत असताना, आवाज आज्ञा देत असताना औषध आधी लागते. आत्महत्येचा विचार असेल तर गुप्ततेचा अपवाद लागू होतो. पण तिथेही सहयोग संपतो असे नाही. घरातले विष आणि साठलेल्या गोळ्या कोणाकडे द्यायच्या, रात्री कोणाला फोन करायचा, हे त्या माणसाला विचारूनच ठरवलेले जास्त टिकते. 2022 मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते.

कायदा आता या रीतीच्या बाजूने आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. उपचाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा, गुप्ततेचा आणि आपल्या वतीने बोलायला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क त्याने दिला. उद्या आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे सज्ञान व्यक्ती आज शुद्धीत असताना लिहून ठेवू शकते. मानसिक आजार आहे म्हणून माणसाला निर्णयक्षमता नाही असे धरून चालता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवणारे कलमही यातच आहे. उपचारक कोण, याबाबत मात्र अजून गोंधळ आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक 2021 च्या संबद्ध आरोग्य व्यवसाय कायद्याच्या कक्षेत आले, पण काही महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणाऱ्यांची संख्या रस्त्यावरून जाताना दिसतेच. शिक्षण कुठे झाले, नोंदणी क्रमांक काय, स्वतःच्या कामावर देखरेख कोणाची, हे पहिल्या भेटीत विचारायला हरकत नसते. चांगल्या उपचारकाला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट, सहयोगाची पहिली खूण ती असते.

उपचार कधी संपवायचा हेही दोघांनी ठरवायचे. इथे तो बहुधा ठरवून संपत नाही. बरे वाटू लागले की माणूस येणे थांबवतो, आणि मानसशास्त्रज्ञाला एक दिवस लक्षात येते की तीन आठवडे फोन नाही. म्हणून सुधारणा दिसू लागली की भेटी लगेच न थांबवता दोन आठवड्यांनी, मग महिन्याने अशा विरळ केल्या जातात. शेवटच्या एखाद्या भेटीत एक कागद तयार होतो, आणि झोपेसाठी आलेल्या त्या विवाहितेच्या बाबतीत तो तिनेच लिहायचा असतो. गिरणी सलग पाच रात्री सुरू राहिली, डबा भरताना चिडचिड वाढली, रविवारी बहिणीचा फोन उचलावासा वाटला नाही, या तिच्या धोक्याच्या खुणा. खाली तिनेच लिहिलेले: आधी स्वयंपाकघरातले स्टूल, मग बहीण, आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर इथे फोन. कागद दुमडून ती पर्समधल्या रेल्वेच्या पासमागे ठेवते.